दाढ आणि तव्यावरचं फडकं

दाढ दुखायला रात्रीचाच मुहूर्त का लागतो कोण जाणे! परवा बाबांचा गाल टम्म सुजला. आई लगेच तव्यावर फडकं गरम करायला निघाली. गुडघ्याला शेक ठीक हो, पण सुजलेल्या गालाला नको. उष्णतेनं तिथला रक्तपुरवठा वाढतो, सूजही वाढू शकते. मी पंच्यात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून 15 मिनिटं धरला, मग थोडा वेळ काढला. आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून डोक्याखाली दोन उश्या. लवंग मात्र आईचीच. तिच्यातल्या युजेनॉलनं दाढ जरा बधिर होते. (बाबाही गप्प झाले, हा वेगळा फायदा!)

पहाटे ताप चढला, तोंड उघडेना. मग बर्फबिर्फ सोडून सरळ रिक्षा बोलावली. दाढेखाली पू झाला होता, डॉक्टरांनी तो काढला.

आई अजून म्हणते, फडक्यानंच उतरलं असतं.