दीडशेला तीन कमी

२०१२ च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे लंडनला आले होते. तरुणपणी ते मुंबईत गिरणीच्या संघाचे विकेटकीपर. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. म्हणून मी मुद्दाम लॉर्ड्सच्या कसोटीची तिकिटं काढली. दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर तिथे दीडशेवी कसोटी खेळेल, असा हिशेब होता.

दौऱ्याच्या सुरुवातीलाच, ९ जुलैला टाँटनच्या सराव सामन्यात, लेगस्पिनर इम्रान ताहिरने सॉमरसेटच्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला. स्टंपांजवळ उभ्या बाउचरच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उडालेली बेल डाव्या डोळ्यावर आदळली. दुसऱ्या दिवशी निवृत्ती जाहीर झाली. १४७ कसोटी, यष्टीमागे ५५५ बळींचा विश्वविक्रम, आणि शेवट बोटभर लाकडाने.

"अरे, विकेट आपल्याच बॉलरने काढली होती," बाबा म्हणाले आणि गप्प झाले.

तरीही आम्ही लॉर्ड्सला गेलो. ग्लोव्ह्ज आता एबी डिव्हिलियर्सच्या हातात होते. बाबा दिवसभर त्याचेच पाय पाहत होते. आफ्रिकेने तो सामना ५१ धावांनी जिंकला आणि कसोटीत पहिला नंबर पटकावला. बाउचर त्या संघात नव्हता.

परतताना ट्यूबमध्ये बाबा आपणहून बोलायला लागले. संपात गिरणी सुटली तो दिवस, खुंटीला राहिलेले ग्लोव्ह्ज, न झालेला निरोप. तीस वर्षांत हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं स्टेशन मागे गेलं. मी उठलो नाही.