पंधरा शिलिंग आणि ड्रमरची खुर्ची

पक्ष फुटला, मंडळात दोन गट पडले, नाटकाच्या ग्रुपमधून कुणाला काढलं, की आपल्याकडे चर्चा एकाच गोष्टीची होते: चूक कुणाची? मला दर वेळी वेगळाच प्रश्न पडतो. ज्याला काढलं, त्याला ते सांगितलं कुणी? आणि कसं?

हा प्रश्न डोक्यात पक्का बसलाय तो बीटल्समुळे. आता म्हणाल, बीटल्सचं इथे काय काम? सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. आधी ढोलकी, आता ऑक्टोपॅड. त्यामुळे कुठल्याही ग्रुपचा फोटो पाहिला की माझी नजर गायकावर थांबत नाही, मागे बसलेल्या माणसावर जाते. बीटल्सच्या फोटोत मागे रिंगो स्टार असतो. पण ऑगस्ट १९६२ पर्यंत त्या खुर्चीत पीट बेस्ट होता. आणि त्याच्याही आधी तिघे बसून उठून गेले होते.

जगाचे बीटल्स व्हायच्या आधी ही लिव्हरपूलमधली साधी पोरं होती. बंदराचं शहर, आणि गल्लोगल्ली गिटार घेतलेले असले ग्रुप. १९५६ मध्ये जॉन लेननने शाळेतल्या मित्रांना घेऊन 'क्वारीमेन' काढला. वाद्यं घरगुती. कपडे धुवायच्या पत्र्याच्या फळीवर बोटांनी ताल धरायचा, आणि चहाच्या लाकडी खोक्याला दांडा-दोरी लावून बास वाजवायचा. ती फळी वाजवायचा पीट शॉटन, लेननचा जिगरी दोस्त. त्याला वाजवण्यात रस नव्हता. एका पार्टीत लेननने ती फळी त्याच्याच डोक्यात फोडली आणि विषय संपला. दोघं हसले, आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली. पद्धत काही आदर्श नाही म्हणा, पण निदान समोरासमोर होती!

जुलै १९५७ मध्ये वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत लेननला पॉल मॅकार्टनी भेटला. १९५८ मध्ये जेमतेम पंधरा वर्षांचा जॉर्ज हॅरिसन आला. जसजसे चांगले वाजवणारे आले, तसतसे शाळेतले मित्र गळत गेले. ड्रमर कॉलिन हँटनसुद्धा एका कार्यक्रमानंतर भांडण होऊन गेला. उरले तीन गिटारवाले. ड्रमर कुठाय विचारलं, की ताल गिटारमध्येच आहे असं सांगून वेळ मारून न्यायचे. गिटार कुणीही हप्त्यावर घेईल. ड्रमसेट महाग, तो न्यायला गाडी लागते, वाजवला की शेजारी ओरडतात. ड्रमर मिळायचा कुठून?

इथे गोष्टीत एक बाई येतात, मोना बेस्ट. जन्म दिल्लीचा. मोठा मुलगा पीट १९४१ मध्ये मद्रासला जन्मला. १९४५ च्या अखेरीस हे कुटुंब 'जॉर्जिक' जहाजाने लिव्हरपूलला गेलं. मोनाबाईंनी दागिने गहाण टाकून डर्बीतल्या एका घोड्यावर पैसे लावले, तो जिंकला आणि त्यातून मोठं घर घेतलं, असं सांगतात. त्या घराच्या तळघरात २९ ऑगस्ट १९५९ रोजी त्यांनी पोरांसाठी 'कॅसबा' नावाचा कॉफी क्लब उघडला. दर शनिवारी वाजवायला लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि चौथा केन ब्राउन. चौघांचे मिळून तीन पौंड. म्हणजे माणशी पंधरा शिलिंग.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी केन ब्राउन आजारी पडला. क्लबवर आला, पण वाजवू शकला नाही. मोनाबाईंनी त्याला त्याचे पंधरा शिलिंग तरीही दिले. बाकी तिघांचं म्हणणं, तो वाजवला नाही, मग ते पैसे आमचे. बाई हटल्या नाहीत. तिघांनी कॅसबातलं वाजवणंच सोडलं, आणि केन ब्राउन ग्रुपबाहेर.

मी या भांडणात सरळ मोनाबाईंच्या बाजूचा आहे. साथीदारांना आजारपणाची रजा नसते. ताप अंगावर घेऊन वाजवलेले कार्यक्रम मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. एका ऑर्केस्ट्रात मी कावीळ होऊन पडलो होतो, आणि माझ्या जागी दुसरा घेतलाय हे मला चौकातल्या बॅनरवरून कळलं. दुसरा घेतला याचं काही वाटलं नाही, कार्यक्रम थांबत नसतो. पण एक फोन? असो.

तर पंधरा शिलिंगांची गंमत पुढे आहे. बाहेर पडलेल्या केन ब्राउनने मोनाबाईंच्या पीटला बरोबर घेऊन वेगळा ग्रुप काढला. आईने पीटला ड्रमसेट घेऊन दिला. म्हणजे तिघांनी ज्या भांडणात एक गडी गमावला, त्याच भांडणातून त्यांचा पुढचा ड्रमर तयार झाला.

मधल्या काळात खुर्ची फिरतच होती. जानेवारी १९६० मध्ये चित्रकार स्टुअर्ट सटक्लिफ आला. त्याचं चित्र विकलं गेलं आणि त्या पैशात त्याने बास गिटार घेतली. मे मध्ये स्कॉटलंडच्या दौऱ्यासाठी ड्रमर म्हणून टॉमी मूर आला. वयाने मोठा, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. दौऱ्यात गाडीला अपघात झाला, त्याचे दात पडले, तशाच अवस्थेत त्याला वाजवायला लागलं. तो परत कारखान्यात गेला, आणि त्याचं काय चुकलं? मग नॉर्मन चॅपमन. त्याने थोडेच कार्यक्रम वाजवले आणि त्याला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. त्याच वर्षाच्या शेवटी ती सक्ती बंद झाली. नशीब बघा.

ऑगस्ट १९६० मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं काम आलं आणि ड्रमर तर हवाच होता. पीट बेस्टकडे स्वतःचा ड्रमसेट होता. त्याला घेतलं. तिथे रोज रात्री तासन्‌तास वाजवून ही पोरं तयार झाली. १९६१ मध्ये सटक्लिफ चित्रकलेसाठी आणि प्रेमासाठी हॅम्बुर्गलाच राहिला. बास मॅकार्टनीकडे आली. एप्रिल १९६२ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन सटक्लिफ गेला. वय २१.

६ जून १९६२ रोजी लंडनला ईएमआयच्या स्टुडिओत त्यांची चाचणी झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पीटचं ड्रमिंग रेकॉर्डसाठी पटलं नाही. रेकॉर्डिंगला बाहेरचा वादक आणणं तेव्हा नेहमीचं होतं, त्यासाठी कुणाला ग्रुपमधून काढायची गरज नव्हती. पण बाकी तिघांच्या मनात होतंच. १६ ऑगस्टला मॅनेजर ब्रायन एप्स्टाइनने पीटला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं: पोरांना तू नकोयस, रिंगो येतोय. दोन वर्षं एका खोलीत झोपलेली, एका गाडीतून फिरलेली ती तीन पोरं त्या ऑफिसात नव्हती. लेननने पुढे स्वतःच मान्य केलं, की तेव्हा आम्ही भित्र्यासारखं वागलो.

लिव्हरपूलच्या पोरांनी हे सहज सोडलं नाही. कॅव्हर्न क्लबमध्ये पीटच्या नावाच्या घोषणा झाल्या, आणि हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला.

रिंगो जास्त चांगला होता का? माझ्या कानाला, हो. त्याच्यासारखा गाण्याला जागा देणारा ड्रमर विरळा. पण सप्टेंबरात 'लव्ह मी डू' पुन्हा रेकॉर्ड करताना जॉर्ज मार्टिनकडून अँडी व्हाइट नावाचा भाड्याचा ड्रमर आला आणि रिंगोच्या हातात टँबोरिन दिली गेली. खुर्ची कुणाचीच नसते, हे त्याला महिन्याभरात कळलं.

आणि पीट? त्याने काही वर्षं दुसरे ग्रुप करून पाहिले. नंतर लिव्हरपूलच्या गार्स्टन भागात सरकारी रोजगार कार्यालयात लागला. सुमारे वीस वर्षं त्याने काय केलं, तर काम गेलेल्या माणसांना काम मिळवून दिलं. मला या सगळ्या गोष्टीत हीच ओळ सगळ्यात मोठी वाटते. १९९५ मध्ये 'अँथॉलॉजी'चा पहिला भाग आला, त्यात त्याने वाजवलेली दहा गाणी होती आणि त्याला त्याचे चांगले पैसे मिळाले. मात्र त्याच अल्बमच्या मुखपृष्ठावर ग्रुपच्या जुन्या फोटोतला त्याचा चेहरा फाडलेला आहे, आणि तिथून रिंगो डोकावतोय.

माणसं बदलतात. कुणाला कारखाना बोलावतो, कुणाला लष्कर, कुणाला प्रेम. कुणी कमी पडतो, आणि त्याला बदलावंही लागतं. त्यात पाप काही नाही. पण पथक असो, पतसंस्था असो की पक्षाची तालुका कमिटी, तीन गोष्टींना एक पैसा खर्च येत नाही. आजारी पडलेल्याच्या वाट्याचं काय, हे आधीच ठरवा. नको असेल त्याला, ज्यांना तो नकोय त्यांनीच समोर बसवून सांगा, मॅनेजरला पुढे करू नका. आणि त्याने वाजवलेलं असेल तिथे त्याचा फोटो फाडू नका.

गणपती जवळ आलेत, पथकांच्या याद्या लागतायत. यादीतून ज्याचं नाव गळलंय, त्याला बोर्डावर वाचायला लावण्याआधी एक फोन करा.