बिनगिअरच्या सायकलीविषयी भाच्यास पत्र



लिहिण्यास कारण की, पुण्यात रोज कर्वेनगराहून शिवाजीनगरास जाण्यासाठी आणि एखाद्या रविवारी चांदणी चौकाचा चढ चढून पलीकडच्या कच्च्या वाटा पाहण्यासाठी दहा हजार रुपयांच्या आतली कोणती सायकल घ्यावी, या चिरंजीवांच्या प्रश्नात, गिअर नसलेली ‘रेंजर’ घेणे म्हणजे अर्धवट वस्तू पदरात पाडून घेणे तर नव्हे, अशी एक शंकाही दडलेली दिसते. रेंजर म्हणजे रुंद टायरांची, आडव्या सरळ हँडलची माउंटन बाइक. आणि इतिहास पाहिला तर ही शंका फारशी टिकत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात ज्या तरुणांनी डोंगरउतारावरून सायकली पिटाळण्याचा खेळ रूढ केला, त्यांच्या सुरुवातीच्या सायकली जुन्या, जड आणि बहुधा एकाच गतीच्या श्विन बनावटीच्या होत्या, व त्यांचा मागचा ब्रेक पायडल उलटे दाबून लागत असल्यामुळे लांब उतारावर हबमधील, म्हणजे चाकाच्या तुंब्यातील, ग्रीस जळून जाई. मात्र चढावर त्या सायकली ढकलत न्याव्या लागत किंवा ट्रकमध्ये घालाव्या लागत, ही गोष्ट येथे अधिक महत्त्वाची आहे, कारण चिरंजीवांस कोणी ट्रक पुरवणार नाही.

गिअरच्या सायकलीवर स्वार जी निवड वाटेत दर चढाला करतो, ती बिनगिअरच्या सायकलीत एकदाच, आणि तीही ग्राहकाला न विचारता, कारखान्यात झालेली असते. म्हणून दुकानात रंग आणि स्टिकर पाहण्याआधी दाते मोजावेत. पायडलजवळच्या मोठ्या चक्राला ४४ आणि मागील फ्रीव्हीलला, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या दातेरी चक्राला, १८ दाते असतील, तर २६ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला ६० फेरे मारणारा स्वार ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. सपाट रस्त्यावर हे प्रमाण उत्तम असले, तरी पाठीवर दप्तर, समोरून वारा आणि पुढे चढ असा योग आला की गुडघे तक्रार करू लागतात. १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवल्यास एका फेऱ्यात सुमारे साडेचार मीटर अंतर कापले जाते, वेग ताशी १६ किलोमीटरच्या किंचित वर राहतो, आणि जोर मात्र दहा टक्क्यांनी कमी लागतो. पुण्यासारख्या उंचसखल शहरात वेगातील ही घट नगण्यच मानावी. हा बदल स्वस्तही आहे, कारण दोन दाते वाढल्याने मागचे चाक जेमतेम ६ मिलिमीटर पुढे सरकवावे लागते, आणि आस ज्या खाचेत बसतो ती आडवी व पुरेशी लांब असेल तर चेन बदलण्याचीही गरज पडत नाही. त्याच खाचेमुळे पुढे सैल झालेली चेन ताणता येते. उभी खाच असलेली बिनगिअरची सायकल घेऊ नये.

गिअर नसल्याने वाचलेले पैसे ब्रेक आणि रिम यांवर खर्च झालेले असावेत, शॉकअपवर नव्हे. या किमतीतील पुढचा शॉकअप बहुधा नुसती स्प्रिंग असतो, जो वजन वाढवतो, चढावर उभे राहून पायडल मारताना वरखाली होऊन जोर खातो, आणि खड्ड्यात जे काम करतो ते रुंद टायरमधील बेताची हवाही करते. डिस्क ब्रेकचा मोहही, प्रस्तुत पत्रलेखकाच्या मते, या किमतीत आवरलेला बरा. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब भुजांचे ब्रेक, कोपऱ्यावरचा कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकतो. रिम मात्र अॅल्युमिनियमच्या असाव्यात, कारण क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिम ओल्या झाल्या की त्यांवर ब्रेक जवळजवळ घसरतो, आणि पुण्यातील पावसाळा चांगला चार महिने मुक्कामाला असतो.

टायरच्या बाबतीत एक बारकावा दुकानदारही पुष्कळदा विसरतात. २६ × १.९५ असे दशांशात लिहिलेले आणि २६ × १ ३/८ असे अपूर्णांकात लिहिलेले टायर दोन्ही ‘सव्वीसचे’ म्हणवले जात असले, तरी पहिल्याची रिमवर बसणारी कड ५५९ आणि दुसऱ्याची ५९० मिलिमीटर व्यासाची असते, त्यामुळे एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. मूळ खडबडीत टायर झिजले की दशांशाच्याच मापातले, मध्यभागी गुळगुळीत व कडेला खाचा असलेले टायर घ्यावेत. डांबरी रस्त्यावरचा घरघराट आणि अंगमेहनत दोन्ही कमी होतात. मडगार्ड, स्टँड आणि कॅरिअर बसवण्याची भोके सांगाड्यात आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

सायकल खोक्यात अर्धवट जुळवलेली आली, तर डावे पायडल उलट्या आट्यांचे असते हे ध्यानात ठेवून ते आधी हाताने फिरवून बसवावे व मगच पाना लावावा. फ्रीव्हील शक्यतो खरेदीच्या दिवशीच बदलून घ्यावे.

कळावे,
मामाचे आशीर्वाद