अढी

आमच्या घरी संगणक आला तो माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या मानधनातून. त्यामुळे त्याच्यावर पहिला हक्क माझा, अशी माझी समजूत होती. चिरंजीवांची समजूत निराळी होती. सकाळी तासभर मी त्यावर लिहावे आणि उरलेला दिवस त्याने त्यावर खेळावे, अशी वाटणी आपोआप होऊन बसली. वाटण्या अशाच होतात. भांडणे मागाहून येतात.

ते भांडण मे महिन्यात आले. चिरंजीव दहावीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. बाहेर यावलचे ऊन. पारा 45 अंशांना टेकलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि झळ अडवायला केळीच्या बागांना कडेने लावलेली शेवरीसुद्धा मान टाकून उभी. अशा दुपारी मुलगा घरात बसून खेळतो याचे खरे तर बरे वाटायला हवे. पण एके दिवशी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"अप्पा, खेळ अडकतो. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल."

मी किंमत विचारली. तो आकडा इथे लिहीत नाही. सणासुदीला वाचकांचा रसभंग कशाला?

"माझं लिहिणं तर छान चालतं," मी म्हणालो. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

हे वाक्य मी वर्गात नेहमी टाकतो आणि पोरे हसतात. हा हसला नाही. मुकाट्याने निघून गेला, आणि पुढचे आठ दिवस त्याने कार्डाचे नाव काढले नाही. मला वाटले, आपण जिंकलो.

नवव्या दिवशी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिकडे नोकरीला आहे. तिचा फोन एरवी आईला असतो, मला नव्हे.

"अप्पा, त्याला काय बोललात? तो रात्री खेळायलाच येत नाही."

"बरं झालं की!"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "आम्ही खेळतो म्हणजे काय करतो, ते कधी पाहिलंत का तुम्ही?"

पाहिले नव्हते.

"कार्डाचं राहू द्या. आधी बिघडलंय काय ते तरी शोधा. मास्तर आहात ना?"

मी साधा मॅट्रिक झालेला माणूस. विज्ञानाचे गुण मला कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पण 'मास्तर आहात ना' हे शब्द लागले. त्या रात्री मुलगा संगणकापुढे, मी त्याच्या मागे आणि मुलगी फोनवर, अशी आमची शाळा भरली.

पहिला धडा असा, की अडकणे दोन जातींचे असते. पुण्याहून यावलपर्यंत निरोप पोचायला उशीर लागला तर तो दोष इंटरनेटचा. चित्रच जागच्या जागी धडपडू लागले तर तो दोष घरातल्या यंत्राचा. पडद्यावरचे चित्र हलते म्हणजे काय? तर एकामागून एक स्थिर चित्रे भराभर येतात आणि डोळा फसतो. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचे एकेक चित्र घेतले, आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले. चित्रपटात सेकंदाला 24 चित्रे पुरतात. पण चित्रपटातली चित्रे आधीच तयार असतात. खेळातली त्याच क्षणी काढावी लागतात. सेकंदाला 60 हवी असतील तर एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्यात यंत्राला साधले नाही, की चित्र ठेचकाळते.

त्यांचा खेळ माईनक्राफ्ट. स्वीडनमध्ये जन्मलेला आणि 2011 साली पूर्ण रूपात बाहेर आलेला. मीटरभर लांबी-रुंदीचे ठोकळे रचत जायचे, एवढाच त्याचा व्याप. त्यात एफ-3 ही कळ दाबली की सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा पडद्यावर दिसतो. मी त्या आकड्यावर डोळे लावून बसलो. बाकी पडद्यावर काय होते, माझे लक्ष नव्हते. कसलीशी ओसरी होती आणि तिच्यापलीकडे सगळे धुके. यंत्रावरचा भार कमी व्हावा म्हणून मुलाने दिसण्याचे अंतर 4 खंडांवर आणून ठेवले होते. एक खंड 16 ठोकळ्यांचा, म्हणजे चौसष्ट पावलांपलीकडे जगच नाही! आकडा सुरुवातीला 70 होता. पंधरा-वीस मिनिटांत तो 14 वर आला.

मग मुलीने फोनवरून एकेक गोष्ट तपासून घेतली. पडद्याची तार कार्डालाच जोडली आहे ना? जोडली होती. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या जागेवर आहेत ना? होत्या. मागे गुपचूप दुसरे काही काम चालले नाही ना? तसेही नव्हते. अकरा वाजले, शाळा सुटली.

उत्तर मिळाले ते पहाटे. आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर निजतो. पाचला मी लिहायला खाली उतरलो, तर हा आधीच यंत्रापुढे बसलेला. मी रागावणार होतो, पण नजर आकड्यावर गेली. 70. अर्ध्या तासाने पाहिले, 70. तासाने पाहिले, तरी 68.

मी चहा घेत विचार करू लागलो. कार्ड कमजोर असते तर ते पहाटेही कमजोरच असते. पहाट आणि दुपार यांत आमच्या गावात फरक एकच, आणि तो सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तपमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम मुलाने उतरवून घेतला. त्या दुपारी प्रोसेसर 98 अंशांवर होता. शंभराच्या आसपास पोचला की तो जीव वाचवण्यासाठी आपणहून गती कमी करतो. आमचे शेतमजूर मे महिन्यात बाराला हात थांबवतात, तसेच. त्याला आळशी कोण म्हणेल? माझ्या कादंबरीने मात्र त्याला कधी घाम फुटला नव्हता. टीकाकारही काहीसे असेच म्हणतात.

आता कबुली द्यायची वेळ आली. मुलगा दहावीत गेला तेव्हा मी सुताराकडून सागवानी टेबल करून घेतले होते. त्याच्या खालच्या कप्प्यात संगणकाचा डबा, कप्प्याला दार, दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. मार्चात परीक्षा संपली, कुलूप निघाले. दार मात्र 'धूळ नको जायला' म्हणून मीच लावून ठेवत असे. ते दार मी उघडले तर आतली वाफ तोंडावर आली. गवतात आंबे दडपून अढी घालावी, तशी मी संगणकाची अढी घातली होती.

डब्याची पत्र्याची बाजू काढली. धूळ तर आत कधीच पोचलेली होती. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू मिळून पंखा आणि पत्र्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये घोंगडीसारखा थर बसला होता. वायर काढून, पंखा बोटाने धरून, रंगकामाच्या मऊ ब्रशाने मी तो झाडला. उष्णता वाहून नेणारा लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो मुलाने स्पिरिटने पुसला आणि भुसावळहून आणलेल्या नळीतून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. हे सगळे आम्ही जवळजवळ न बोलता केले. एकदा मात्र तो म्हणाला, "अप्पा, कार्ड नको होतं म्हणजे." मी म्हणालो, "अंगण वाकडंच होतं म्हणजे." या वेळी तो हसला.

दार बिजागऱ्यांसकट काढून टाकले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तासभर खेळ चालवला. तपमान 80 च्या वर गेले नाही, आणि आकडा 70 ला चिकटून राहिला.

रात्री मुलगी फोनवर आली. मुलाने दिसण्याचे अंतर 4 वरून 16 केले. धुके मागे मागे सरकत गेले, आणि मी प्रथमच आकडा सोडून चित्र पाहिले.

आमचे जुने घर होते ते. धाब्याचे, लाकडी खांबांचे. ओसरीत बंगई, परसात निंब. वाटणीत ते भावाकडे गेले, त्याने विकले, घेणाऱ्याने पाडले. तेव्हा हा दोन वर्षांचा होता. त्याला त्यातले काही आठवणे शक्य नाही. त्यानंतर त्या घराचा विषय मी घरात कोणाला काढू दिला नव्हता. ताई रोज रात्री पुण्याहून सांगत होती, आणि हा ठोकळ्यावर ठोकळा ठेवून रचत होता. धाब्याच्या पलीकडे, उत्तरेला, त्यांनी सातपुडा उभा केला होता. खऱ्यापेक्षा फारच जवळ ओढून आणलेला, पण सातपुडाच.

मी बराच वेळ पाहत राहिलो. मग म्हणालो, "ओट्याला पायऱ्या पाच नव्हत्या. चार होत्या."

"मला पाच आठवतात," फोनवरून मुलगी म्हणाली.

"चारच. आणि सगळ्यांत खालची फुटकी होती. तुझे आजोबा तिच्यावर जोडे काढायचे."

मुलाने मागे वळून पाहिले. "कोणत्या बाजूनं फुटकी, अप्पा?"

मी खुर्ची जवळ ओढली.