माझा आवडता खेळाडू : लुकास रादेबे

गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी ‘माझा आवडता खेळाडू’ हा विषय दिला. बहुतेकांनी क्रिकेटवाले निवडले. मी लुकास रादेबे म्हणालो तर माझ्या शेजारचा म्हणाला, “त्याने गोल किती केले?” मी खरे ते सांगितले. लीड्स युनायटेडकडून तो इंग्लंडच्या लीगमध्ये 200 सामने खेळला आणि त्यात एकही गोल केला नाही. सगळा वर्ग हसला. म्हणून मी हे लिहीत आहे.

रादेबे फुटबॉलमधला मागचा खेळाडू. त्याला बचावपटू म्हणतात. त्याचे काम गोल होऊ न देणे. मी पण मागेच खेळतो. पुढच्या पोराने गोल केला की त्याला खांद्यावर घेतात. मी चेंडू अडवला तर कोणी बघत सुद्धा नाही. एकदा मला रडू आले होते.

माझा मामा कोल्हापूरला असतो. तिथे तालमींचे फुटबॉलचे सामने होतात आणि लई गर्दी जमते. मामानेच मला रादेबेची गोष्ट सांगितली.

तो दक्षिण आफ्रिकेचा. गांधीजींना जिथे आगगाडीतून उतरवले तोच देश. 1969 साली सोवेटो येथे त्याचा जन्म झाला. तेव्हा तिथले गोरे सरकार काळ्या लोकांना वेगळे ठेवत असे. मारामाऱ्या फार व्हायच्या, म्हणून पंधराव्या वर्षी आईवडिलांनी त्याला लांब पाठवले. आधी तो गोलकीपर होता. नंतर कायझर चीफ्स या मोठ्या संघात गेला. 1991 साली तो आईसाठी सामान आणायला निघाला, तेव्हा रस्त्यात कोणीतरी त्याच्या पाठीत गोळी मारली. कोणी मारली ते कळलेच नाही. पण तो वाचला आणि परत खेळू लागला. (आई मला दुकानात पाठवते तेव्हा मी उगीच कुरकुर करतो.)

1994 साली तो लीड्सला गेला. 1996 साली मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. लीड्सच्या गोलकीपरला पंचांनी बाहेर काढले. बदली गोलकीपर आणलाच नव्हता! मग रादेबे गोलात उभा राहिला. समोर एवढा मोठा संघ, तरी फक्त एक गोल झाला. लीड्स हरले, पण मला हाच सामना सगळ्यात आवडतो.

त्याने गोल केलेच नाहीत असे नाही हं. 1999 साली स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध त्याने डोक्याने गोल मारून लीड्सला जिंकून दिले. 2002 च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध पण एक मारला. 1998 आणि 2002 या दोन्ही विश्वचषकांत तो आपल्या देशाचा कप्तान होता. लीड्सचे लोक त्याला ‘चीफ’ म्हणजे सरदार म्हणत. 2001 साली नेल्सन मंडेला लीड्सला आले, तेव्हा त्यांनी रादेबेला आपला हीरो म्हटले. 2005 साली त्याच्या निरोपाच्या सामन्याला हजारो लोक आले होते.

लीड्सच्या एका गाणाऱ्या मंडळीने तर आपले नावच ‘कायझर चीफ्स’ ठेवले, कारण तो रादेबेचा जुना संघ. इंग्रजीत लिहिताना मात्र त्यांनी झेडच्या जागी एस घातला आहे. आम्ही असे केले तर गुरुजी दहा वेळा लिहायला लावतात.