अक्कास, सोलापूरच्या वाटेवरून

केडगाव, मंगळवार

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

गाडी सोलापूरची होती, पण मी केडगावलाच उतरले. पुढची संध्याकाळची गाडी मिळेल, काळजी करू नकोस. भाऊजी निघताना म्हणाले, "हैदराबादला जाऊन त्याला घेऊन ये." त्यांच्यासमोर बोलले नाही, म्हणून इथं लिहिते. मी त्याला आणायला निघालेली नाही. त्याला भेटायला, त्याचं ऐकायला निघाले आहे. तुझा चोवीस वर्षांचा पोरगा आहे तो, हरवलेलं सामान नव्हे.

त्यानं बाप्तिस्मा घेतल्याचं कळल्यापासून तुझी झोप उडाली आहे. त्यात आता नोकरी सोडून दोन वर्षं पंथाच्या प्रचाराला जायचं म्हणतो. "मॉर्मन" हा शब्द तू माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलास आणि मग विचारलंस, "आपल्यात असं कुणी केलं होतं का गं?" आपल्या घरात कुणी केलं नसेल, पण आपल्या मुलखात केलं होतं. म्हणूनच मधे उतरले.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची झाडं, जुन्या दगडी इमारती आणि प्रार्थनेचं मोठं घर पाहिलं. त्यांचं नाव आपण शाळेत एका ओळीत शिकलो. इथं उभं राहिल्यावर त्या ओळीत काय काय कोंबलं होतं ते लक्षात येतं. दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. त्याच बाईनं २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यानं तिच्याबद्दल काय काय म्हटलं असेल! १८८९ मध्ये परत येऊन तिनं विधवांसाठी शारदा सदन काढलं. मुली तिच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ उठला आणि पालक मुलींना काढून घेऊन गेले. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि शेकडो उपाशी मुलींना इथल्या शेतावर घेऊन आली.

मला त्यांची याहूनही मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाच्या हवाली केली नाही. इंग्लंडमधल्या ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, स्वतः वाचून ठरवीन, हा त्यांचा हट्ट होता. त्या हट्टानंच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. छापखाना इथलाच, आणि तो चालवणाऱ्या बायकाही इथल्याच. मनोरमा १९२१ मध्ये गेली. मुलीमागून आई ५ एप्रिल १९२२ ला गेली, तोवर हे काम हातावेगळं केलेलं होतं.

घरच्यांपुढं उभं राहायला लागतं ते एक धैर्य. ज्यांनी जवळ घेतलं, त्यांच्यापुढंही "हे मला पटत नाही" म्हणायला लागतं ते दुसरं. पोराकडे पहिलं आहे, ते आपण पाहिलंच. दुसरं आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. गाडीची वेळ झाली.

तुझी,
धाकटी


सोलापूर, बुधवार रात्र

ती. अक्कास,
नमस्कार.

मामांकडे पोचले. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा जत्रेचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, घट्ट दही. मामी तुझी चौकशी करतात. मी त्यांना पोराबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं ठाऊक आहे. "पोरगं दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, मग रडता कशाला?" असं थेट विचारलं त्यांनी. त्यांच्या गल्लीत कर्जापायी आणि दारूपायी गेलेली पोरं त्यांनी पाहिली आहेत, तेव्हा त्यांचं ते बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही.

तू विचारलेलं आता सविस्तर लिहिते. निघण्याआधी बरंच वाचलं.

हा मॉर्मन पंथ ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात सुरू झाला. संस्थापक जोसेफ स्मिथ. आपल्याला देवदूतानं सोन्याच्या पत्र्यांवरचा ग्रंथ दाखवला, असं त्याचं सांगणं. मला ते पटत नाही, आणि पोरालाही मी तसं सांगणार आहे. त्यांच्या इतिहासात न पटणारं आणखीही आहे. बहुपत्नीत्व होतं, ते १८९० मध्ये अधिकृतपणे बंद झालं. काळ्या वर्णाच्या पुरुषांना त्यांच्या पौरोहित्याचं दार १९७८ पर्यंत बंद होतं. या गोष्टी त्याला कुणी सांगितल्या आहेत का आणि त्यावर तो काय म्हणतो, हे मी नीट ऐकणार आहे.

पण सोसणंही त्यांच्या वाट्याला पुष्कळ आलं. गावोगावी हाकलले गेले. १८४४ मध्ये जमावानं तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला मारलं. मग ब्रिगॅम यंगच्या मागं ही माणसं घरंदारं सोडून पश्चिमेकडे चालत निघाली आणि १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. पुढं युरोपातून नवी माणसं येऊ लागली. ज्यांच्याकडे बैलगाडीपुरते पैसे नव्हते, त्यांनी सामान हातगाड्यांवर घालून त्या शेकडो मैल ओढल्या. १८५६ मध्ये दोन तांडे फार उशिरा निघाले. हा निर्णयच चुकीचा होता, आणि त्याची किंमत मोजली बाया-पोरांनी. वायोमिंगच्या बर्फात दोनशेच्या वर माणसं मेली. हे तांडे अजून वाटेतच आहेत ही बातमी सॉल्ट लेकला पोचली तेव्हा त्यांची मोठी धर्मसभा भरायची होती. यंगनं सभेत सांगितलं की आज धर्म एवढाच, जाऊन त्या लोकांना आणायचं. लोकांनी गाड्यांत पीठ, घोंगड्या, कपडे भरले आणि निघाले. अक्का, या पंथाचं मी जेवढं वाचलं त्यात माझं मन सर्वांत जास्त इथं थांबलं.

आणि आता तुला ठाऊक नसलेलं एक सांगते. हे लोक पुण्यात येऊन गेलेले आहेत, १८५७ च्या बंडाच्याही आधी! ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला. तिथं पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी झोडपलं, म्हणून तो पुण्याला आला. पुढं त्याचा भाऊ ॲलनही आला. लष्कराच्या हद्दीत प्रचाराला त्यांना बंदी झाली. तरी डझनभरांची एक मंडळी पुण्यात जमली, त्यात गोरे होते, मिश्र वंशाचे होते, काही आपलेही होते. १८५३ मध्ये यूटाहून निघालेली आणखी तेरा माणसं कलकत्त्याला उतरली. पैसा जवळ न ठेवता, लोक देतील त्यावर राहून हिंडायचं, ही त्यांची रीत इथल्या उन्हात आणि इथल्या समाजात टिकली नाही. दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळे परतले. फिंडलेही १८५५ मध्ये गेला. पुण्यातली ती मंडळी पुढं उरली नाही.

त्या काळी पंथाची शिकवण अशी होती की ज्यानं विश्वास धरला त्यानं यूटाला यावं, सगळ्यांनी एकत्र राहावं. ज्याच्या हाती जहाजाचं भाडं होतं तो गेला. पण लष्करातलं नाहीतर पेठेतलं एखादं माणूस, आपल्यांतून उठलेलं आणि ज्यांच्यात जाऊन बसलं तेही निघून गेलेले, त्यानं पुढं काय केलं असेल? बर्फातल्या हातगाड्यांची गाणी झाली, चित्रं झाली. या माणसाचं नावही कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. माझ्या मनात मात्र तेच माणूस घर करून बसलं आहे. चालणाऱ्याच्या बरोबर तांडा असतो, मागं राहिलेल्याच्या बरोबर कोण असतं?

आता पंथ 'इकडे या' म्हणत नाही, आपापल्या देशात राहा म्हणतो. हैदराबादला २०१२ पासून त्यांची मोठी संघटित मंडळी आहे. बंगळूरला मंदिर बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. म्हणजे आपला पोरगा अमेरिकेला पळून जाईल ही भाऊजींची भीती तू मनातून काढून टाक. त्याला इथंच राहायचं आहे, आपल्या डोळ्यांसमोर, वेगळा होऊन. त्याला आणि तुला दोघांनाही तेच जड जाणार आहे.

दिवा मालवा म्हणून मामा ओरडताहेत. उरलेलं उद्या.

धाकटी


सोलापूर, शुक्रवार

ती. अक्कास,
नमस्कार.

काल संमती कट्ट्यावर अक्षता पाहिली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, त्यांच्या कमरेला तोललेले ते उंच नंदीध्वज, आणि "हर्र बोला हर्र" असा उठणारा गजर. सात काठ्या, त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे. एका कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन असा हट्ट धरला, तेव्हा त्या योग्यानं आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, ही कथा तुला पाठ आहे. माझ्या शेजारी एक तेलुगू बोलणारी म्हातारी होती, पूर्व भागातली, आयुष्यभर विड्या वळलेली. अक्षता टाकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं तर म्हणाली, दर वर्षी येतंच.

नंतर तळ्याच्या काठानं देवळात गेले. बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. गाव सोन्नलगे होतं तेव्हाचं. परंपरा सांगते की एक दिवस अल्लमप्रभू इथं आले आणि त्यांनी खोदणाऱ्यांदेखत विचारलं, तो मातीकाम करणारा सिद्धराम कुठं आहे? लोक खवळले, दगड घेऊन धावले. सिद्धरामांना मात्र त्या बोचऱ्या प्रश्नात काहीतरी खरं दिसलं. ज्या गावानं देव मानलं होतं ते गाव सोडून ते अल्लमांबरोबर कल्याणला बसवण्णांच्या शरणांत जाऊन बसले. त्याच कल्याणात ब्राह्मण मधुवरसाची मुलगी चांभार हरळय्याच्या मुलाला दिली म्हणून दोन्ही बापांना हाल करून मारलं गेलं. शरण पांगले. सिद्धराम परत सोन्नलगेला आले आणि इथंच समाधिस्थ झाले. आज आपण त्यांना ग्रामदैवत म्हणतो, आणि त्यांनीही एकदा आपलं सगळं सोडून दुसऱ्यांच्या पंक्तीत बसायचं धाडस केलं होतं हे विसरतो.

हे मी भाऊजींना सांगितलं तर ते म्हणतील, ते आपल्यातल्या आपल्यात होतं. त्या वेळच्या लोकांना तसं वाटलं नव्हतं, म्हणून तर माणसं मारली गेली.

आज सकाळी रंगभवनाजवळच्या फर्स्ट चर्चवरून गेले. नगरहून अमेरिकन मराठी मिशनची माणसं दीडशे वर्षांपूर्वी सोलापुरात आली, त्यांच्यामागून ही मंडळी वाढली. रेव्हरंड टिळकांची आठवण झाली, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. त्यांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्या कपाटात आहे. पुन्हा काढ. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ती बाई दुःखानं वेडीपिशी झाली. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहिली. मग नगरला त्याच्याजवळ गेली, तेव्हाही आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. कुणी ओढलं म्हणून गेली नाही. एकेक पाऊल स्वतःच्या मनाला विचारून टाकलं आणि पुढं १९०० मध्ये आपल्या समजुतीनं बाप्तिस्मा घेतला. तू तसं करावंस असं मी मुळीच म्हणत नाही. तू तुळशीला पाणी घालणं सोडू नकोस. तिनं एका छपराखाली दोन चुली चालवल्या, त्या काळाकडे बघ, एवढंच. नवऱ्याला जवळ त्याचे नवे धर्मबंधू होते. तिच्या जवळ कुणीच नव्हतं. नातेवाईक म्हणत सोड त्याला, मिशनरी म्हणत ये इकडे. मधे उभं राहून तिनं नातं तुटू दिलं नाही. टिळकांच्या श्रद्धेला लोक धाडस म्हणतात आणि ते आहेच, पण मला विचारशील तर या बाईचं धाडस त्याहून मोठं. त्याला आतून हाक आली होती. हिला ती आली नव्हती, तरी ती थांबली.

अक्का, तुझ्या वाट्याला आता तेच आलं आहे. पोराच्या बरोबर रविवारी शंभर माणसं बसतात. तू देवघरापुढं एकटीच बसतेस. भाऊजी त्याचं नाव काढत नाहीत, जाऊबाई नको ते विचारतात. त्याच्यासाठी घरी जागा आहे हे त्याला कळवण्याचं धैर्य फक्त तुझ्यातच आहे, आणि ते त्याच्या बाप्तिस्म्याहून कमी नाही असं मला मनापासून वाटतं.

दोन वर्षांच्या प्रचाराचं म्हणशील तर मी त्याला सरळ विचारणार आहे. या कामाला पगार नसतो, खर्च बहुतेक स्वतःचा किंवा घरचा. कमाईचा दहावा हिस्सा तो आधीच देतो. महिन्यातून एकदा दोन वेळचा उपास करून त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे, ही त्यांची चाल मला आवडली, आपल्या एकादशीलाही ती जोडता येईल. पण नोकरीचं काय, परत आल्यावर काय, याचा हिशेब त्यानं मांडला नसेल तर मी त्याला तो मांडायला लावीन. मांडला असेल आणि तरीही जाईन म्हणाला, तर मी अडवणार नाही. भाऊजींना हे तूच सांग, माझ्या पत्रातून वाचून दाखव हवं तर.

उद्या सकाळची गाडी आहे. मामींनी त्याच्यासाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून दिल्या आहेत. चहापूड तू दिली होतीस ती मामींकडेच ठेवली, तो चहा घेत नाही आता. रविवारी सकाळी त्यांची सभा असते, तेव्हा फोन करू नकोस. दुपारी दोनच्या पुढं कर. पहिल्यांदा जेवलास का विचार, आणि मग सभेत आज काय झालं ते विचार. तो सांगेल तेवढं ऐक, मधे बोलू नकोस. मी शेजारीच असेन.

तुझी,
धाकटी