हिरवळीचा वाफसा

बिदर, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गीत घरापुढे हिरवळ लावायची ठरली की घरमालक दोन प्रश्न विचारतात. फवारे कुठल्या कंपनीचे घ्यावेत आणि टायमर किती मिनिटांवर लावावा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते आधी मातीला विचारायला हवेत. आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मूठ आवळली तर ढेकूळ बांधलं जातं आणि बोटाने टोचलं तर फुटतं, अशी ती अवस्था. पेरणीला वाफसा पाहणारा माणूसही बंगला बांधल्यावर हिरवळीला मात्र घड्याळ पाहून पाणी देतो. माझ्या मते या भागातल्या बहुतेक हिरवळी पाण्याच्या तुटवड्यापेक्षा या सवयीमुळे जास्त बिघडतात.

एकाच महिन्यातल्या दोन अंगणांचा हिशेब मांडू. मे महिन्यात इथे चांगल्या हिरवळीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणून एक गुंठ्याला रोज सुमारे ५०० लिटर. इथपर्यंत बिदर आणि कलबुर्गी सारखेच. पुढे वाटा फुटतात. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. तिथली तांबडी, मुरमाड माती पाणी पटकन पिते, पण धरून ठेवत नाही. मुळांच्या वरच्या वीतभर थरात गवताला सहज घेता येईल असं सहासात मिलिमीटरच पाणी राहतं, म्हणून तिथे थोडं-थोडं आणि जवळपास रोज द्यावं लागतं. कलबुर्गीकडची काळी माती तेवढ्याच थरात याच्या दुप्पट पाणी धरते. तिथे दोन-अडीच दिवसांची पाळी सहज चालते, पण ती पाणी पिते फार सावकाश, तासाला जेमतेम पाच मिलिमीटर. साध्या पॉप-अप फवाऱ्यातून तासाला ४० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. म्हणजे १२ मिलिमीटरची पाळी फवारा १८ मिनिटांत उरकतो आणि मातीला ती जिरवायला दोन तासांहून जास्त लागतात. मधलं पाणी जातं गटारात. उपाय साधा आहे: तेच १८ मिनिटांचं पाणी चार हप्त्यांत, मध्ये पाऊण-पाऊण तास सोडून, पहाटे वारा पडलेला असताना द्यावं. माती तडकेपर्यंत मात्र थांबू नये, कारण भेगा पडल्या की पहिलं पाणी मुळांना ओलांडून थेट खाली जातं. शेजाऱ्याच्या टायमरचे आकडे उतरवून घेण्यात अर्थ नाही, तो यामुळे. त्याची माती वेगळी असू शकते, आणि बिदर जिल्ह्यात दोन्ही माती काही कोसांच्या अंतरावर भेटतात.

जोडणीत सगळ्यात मोठी फसगत दाबाची होते. गच्चीवरची टाकी अंगणापासून आठ मीटर उंच असेल तर तिचा दाब एक किलोच्याही खाली असतो, आणि पॉप-अप फवाऱ्याला साधारण दोन किलो लागतो. नुसत्या टाकीवर जोडलेला फवारा अर्धवट डोकं वर काढतो आणि पायाशीच डबकं करतो. पंप हवाच. दाब फार झाला तर उलट, पाण्याचं धुकं होतं आणि वाऱ्यावर शेजारी जातं. दोन फवाऱ्यांमधलं अंतर एवढंच ठेवावं की एकाची फेक दुसऱ्याच्या बुडाशी पोचेल. हे जमलं की नाही ते पाहायला यंत्र लागत नाही. सरळ कडांचे, एकसारखे आठदहा स्टीलचे डबे हिरवळीवर मांडा, दहा मिनिटं फवारे चालवा आणि प्रत्येकात पट्टी बुडवा. एका डब्यात आठ मिलिमीटर आणि दुसऱ्यात तीन भरले असतील, तर तीनच्या जागेवरचं गवत जगवण्यासाठी आठच्या जागेवर तुम्ही चिखल करणार, हे ठरलेलं. टायमरला हात लावण्याआधी हा फरक मिटवला पाहिजे. काळ्या जमिनीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पीव्हीसीचे सांधे ओढून काढते. चरात खाली-वर मुरूम किंवा वाळू भरून पाइप त्यात बसवला तर हा ताण बराच कमी होतो.

टायमर लावला की पाणी वाचतंच, असा आक्षेप यावर नेहमी येतो. यंत्र विसरत नाही हे खरं, पण पाऊस पडून गेलाय हेही त्याला आपणहून कळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या १२ ठिकाणच्या घरांच्या पाणीवापराचा मोठा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टायमरवाल्या घरांचा घराबाहेरचा वापर टायमर नसलेल्या घरांपेक्षा ४७ टक्के जास्त निघाला, आणि हातात पाइप धरून पाणी देणाऱ्यांचा इतरांपेक्षा ३३ टक्के कमी. तिथली माती, तिथलं हवामान वेगळं, म्हणून हे आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत. कारण मात्र इकडेही तेच आहे: हातात पाइप असतो तेव्हा डोळे जमिनीवर असतात. मी टायमरच्या विरोधात नाही. काळ्या मातीवरचे चार हप्ते पहाटे उठून हाताने कोण देणार? पण आठवड्यातून एकदा लोखंडी सळई जमिनीत रोवून ती कुठवर सहज जाते ते पाहावं, आणि तिच्यावरून मिनिटं ठरवावीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळणं बरं नाही: अशा कोरड्या भागात हिरवळ हवीच कशाला? शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. एक गुंठ्याची हिरवळ एप्रिल-मे दोन महिन्यांत तीस हजार लिटर पिते, म्हणजे अशा सतरा हिरवळी ती अख्खी गाडी संपवतील. 'बोअर आमचा आहे' हे उत्तर मला पटत नाही, कारण बोअर आपला असला तरी खालचा झरा गल्लीचा असतो. माझं उत्तर असं की हिरवळ लावा, पण मुलं खेळतील, चार माणसं बसतील एवढीच, आणि हरळीची. शेतात खणून-खणून न हटणारी हरळी पाणी तोडलं तर पिवळी पडते, पण मुळाशी जिवंत राहून पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. मेमध्ये तिला तेवढी विश्रांती द्यायला काहीच हरकत नाही. उरलेल्या जागेत ठिबकवर झुडपं लावावीत.

राहिली देखभाल. अहमदशहा बहमनीने राजधानी कलबुर्गीहून बिदरला आणली, त्या पंधराव्या शतकात बिदरजवळ नौबादला जमिनीखालून पाणी आणणारं करेज खोदलं गेलं. जांभ्या दगडातून झिरपणारं पाणी उताराने वाहून नेणारं ते भुयार, आणि त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी उभी तोंडं. त्या तोंडांतून उजेड, हवा आणि गाळ काढणारा माणूस आत जाई. आजच्या अंगणातल्या जोडणीत नेमकी हीच तोंडं ठेवायची राहून जातात. व्हॉल्व्ह मातीत पुरला जातो, फिल्टर फरशीखाली जातो, ओळीच्या टोकाला उघडता येणारं बूच नसतं. इथलं बोअरचं पाणी बरेचदा जड असतं, नोझलवर पांढरा थर चढतो, सोबत बारीक रेतीही येते. म्हणून डिस्क फिल्टर हात पोचेल अशा जागी हवा आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला धुवायला हवा. ओळींची टोकं महिन्यातून एकदा उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावीत. नोझल तारेने टोकरू नये, भोक मोठं होतं आणि डब्यांचा सगळा हिशेब बिघडतो. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावं, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावं, फवारा एकदा नोझलशिवाय चालवून आतली रेती बाहेर जाऊ द्यावी, आणि मग पुन्हा डबे मांडावेत.